कॅसेटवर चिकटवलेली काडी

१९९१ सालच्या अखेरीस लॉस एंजेलिसमधल्या लहानसहान कार्यक्रमांत एक कॅसेट हातोहात खपत होती. कव्हरवर वर्तमानपत्रातलं शेअर बाजाराचं पान, बारीक टायपातले भाव, आणि त्या आकड्यांवर चिकटवलेली एक खरीखुरी आगकाडी. आत १२ गाणी. ती कुठल्या कंपनीने काढलेली नव्हती आणि रेडिओवर वाजण्याचा तर प्रश्नच नव्हता. वाजवणारे एकत्र येऊन काही महिनेच झाले होते. तरीही या कॅसेटच्या सुमारे ५००० प्रती लोकांनी पदरचे पैसे मोजून नेल्या. बँडचं नाव होतं रेज अगेन्स्ट द मशीन.

या बँडबद्दल लिहिताना ‘रॅप आणि मेटलची सरमिसळ’ असं एक ठरीव वाक्य लिहिलं जातं. मला ते कायम अपुरं वाटत आलं आहे. सरमिसळ त्यांच्या आधी होऊन गेली होती, आणि ती विकून बाजाराने पैसाही केला होता. या चौघांचं वेगळेपण असं की त्यांनी दोन संगीतं शेजारी शेजारी ठेवली नाहीत. गिटारवाल्याने डीजेचं काम शिकून घेतलं आणि गाणाऱ्याने रॅपच्या तालात हार्डकोर पंकची किंकाळी बसवली. हे त्यांना जमलं, कारण ती दोन जगं त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात आधीच एकमेकांना येऊन भिडलेली होती.

आधीचा इतिहास न्यूयॉर्कचा आहे. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्रॉन्क्समध्ये सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत डीजे कूल हर्कने पार्टी केली आणि हिपहॉपची जन्मतारीख म्हणून ती पुढे नोंदली गेली. त्याच दशकात त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला पंक उभं राहत होतं. दोन्हीकडे पोरांच्या खिशात पैसे नव्हते, वाद्यं शिकायला वेळ नव्हता, आणि सांगायचं मात्र खूप होतं. १९८१ मध्ये सुरू झालेले बीस्टी बॉइज आधी शुद्ध हार्डकोर पंक वाजवत आणि मग रॅपकडे वळले. त्यांना हाताशी धरणारा रिक रुबिन हाही पंक बँडमधलाच. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या आपल्या खोलीतून त्याने डेफ जॅम ही कंपनी चालवली. १९८६ मध्ये रॅपवाल्या रन-डीएमसीने रॉक बँड एरोस्मिथबरोबर ‘वॉक धिस वे’ केलं, त्याच वर्षी बीस्टी बॉइजच्या गाण्यात स्लेयर या मेटल बँडच्या केरी किंगची गिटार वाजली, आणि १९९१ मध्ये मेटलवाले अँथ्रॅक्स आणि रॅपवाले पब्लिक एनिमी यांनी ‘ब्रिंग द नॉइज’ पुन्हा एकत्र केलं. गाणी दणदणीत आहेत. पण बहुतेकांत कुणीतरी यजमान आहे आणि कुणीतरी पाहुणा. रेकॉर्ड संपली की पाहुणा आपल्या घरी जातो.

कॅलिफोर्नियात ज्यांचं असं परत जायला वेगळं घरच नव्हतं, त्यांच्यापैकी एक झॅक डि ला रोचा. जन्म १९७० चा, लाँग बीचचा. वडील बेटो डि ला रोचा हे लॉस एंजेलिसमधले नावाजलेले चिकानो चित्रकार. ‘लॉस फोर’ या चौघा चित्रकारांच्या गटाचं प्रदर्शन १९७४ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या कलासंग्रहालयात भरलं, त्यातले एक. मेक्सिकन मुळांच्या अमेरिकनांची कला एवढ्या मोठ्या संग्रहालयाच्या भिंतीवर प्रथमच लागली होती. पुढे आईवडील वेगळे झाले आणि झॅक आईबरोबर अर्व्हाइनला वाढला. ऑरेंज काउंटीतलं हे आखून-रेखून वसवलेलं, सुखवस्तू आणि तेव्हा बहुतांशी गोरं शहर. शाळेत असताना एकदा शिक्षकाने सीमा पोलिसांच्या नाक्याचा उल्लेख मेक्सिकन लोकांना दिल्या जाणाऱ्या एका शिवीने केला, आणि सगळा वर्ग खदखदून हसला. झॅक गप्प बसून राहिला. त्या गप्प बसण्याचा आपल्याला किती त्रास झाला आणि पुन्हा असं गप्प राहायचं नाही हे तिथेच कसं ठरलं, हे त्याने पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. त्याच्या आवाजातल्या संतापाबद्दल समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली. मला त्या सगळ्यापेक्षा ही एक आठवण अधिक काही सांगून जाते.

त्याची तालीम हार्डकोरमध्ये झाली. इनसाइड आउट या त्याच्या बँडची छोटी रेकॉर्ड १९९० मध्ये रेव्हलेशन रेकॉर्ड्सने काढली. हार्डकोरचे कार्यक्रम सभागृहांत, तळघरांत व्हायचे. तिकीट स्वस्त, सगळ्या वयाच्या पोरांना प्रवेश, आणि पुष्कळ जण दारू-सिगरेटला हात न लावणारे. स्टेज आणि प्रेक्षक यांच्यात अंतर जवळपास नसे. माइक गाणाऱ्याच्या हातून प्रेक्षकांच्या हाती जाई आणि परत येई. चळवळीची पत्रकं वाटावीत तशी हाताने जुळवलेली मासिकं वाटली जात. ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ हे शब्दही तिथूनच आले: इनसाइड आउटच्या एका गाण्याचं, आणि कधीच न निघालेल्या त्यांच्या अल्बमचं ते नाव. त्याच सुमारास झॅक क्लबांमध्ये उभ्या उभ्या शब्द जुळवत रॅप करू लागला होता. अशाच एका संध्याकाळी टॉम मोरेलोने त्याला ऐकलं.

मोरेलोची कहाणी आणखी वेगळी. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्म. वडील एन्गेथे एन्जोरोगे केनियाचे संयुक्त राष्ट्रांतले मुत्सद्दी. आई मेरी मोरेलो शिक्षिका, इटालियन-आयरिश वंशाची. वडील केनियाला परतले आणि आईने एकटीने मुलाला इलिनॉयमधल्या लिबर्टीव्हिल या गावात वाढवलं. एवढ्या गोऱ्या गावात हा एकटाच कृष्णवर्णीय मुलगा. घराच्या गॅरेजमध्ये कुणीतरी फास टांगून गेलं होतं, हेही त्याने सांगितलं आहे. तिथून तो हार्वर्डला गेला, समाजशास्त्रांचा अभ्यास केला आणि अभ्यासाखेरीज दिवसाचे तासन् तास गिटारवर काढले. १९८६ मध्ये पदवी घेऊन लॉस एंजेलिसला आला. काही काळ सिनेटर अ‍ॅलन क्रॅन्स्टन यांच्या कार्यालयात भेटीगाठींचं वेळापत्रक सांभाळायची नोकरी केली. पुरोगामी समजल्या जाणाऱ्या नेत्याचाही बराचसा दिवस पैसेवाल्यांना फोन करून निधी मागण्यात जातो, हे त्याने तिथे जवळून पाहिलं. लॉक अप नावाच्या बँडमधून १९८९ मध्ये गेफन कंपनीतर्फे एक अल्बमही निघाला, आणि आला तसा विसरला गेला. मोठ्या कंपनीकडे सगळं सोपवल्यावर काय होतं, याचा धडा त्याने नवा बँड जमवण्यापूर्वीच घेतला होता.

टिम कॉमरफोर्ड हा झॅकचा प्राथमिक शाळेपासूनचा मित्र, तो बेसवर आला. ड्रमर ब्रॅड विल्कने पूर्वी लॉक अपसाठी चाचणी दिली होती आणि तेव्हा त्याला घेतलं नव्हतं. आता मोरेलोला तो आठवला. चौघांनी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं ते हंटिंग्टन बीचला कॉमरफोर्डच्या एका मित्राच्या दिवाणखान्यात. तिथे असलेल्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पहिला जाहीर कार्यक्रम २३ ऑक्टोबर १९९१ चा, नॉर्थरिजच्या कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या मोकळ्या चौकात, भर दिवसा. त्याचं चित्रण उपलब्ध आहे. ‘किलिंग इन द नेम’ वाजतं, पण त्यात शब्द नाहीत. ते अजून लिहून व्हायचे होते.

इथे नकाशा पाहायला हवा. नॉर्थरिज हे सॅन फर्नांडो व्हॅलीत आहे. त्याच व्हॅलीत लेक व्ह्यू टेरेस आहे. ३ मार्च १९९१ च्या मध्यरात्रीनंतर तिथे पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाची गाडी अडवून त्याला दांडक्यांनी झोडपलं होतं. समोरच्या इमारतीतल्या रहिवाशाने ते व्हिडिओवर टिपलं आणि ५० हून अधिक फटके साऱ्या देशाने मोजले. खटला शेजारच्या सिमी व्हॅलीत चालला. २९ एप्रिल १९९२ ला ज्युरीने त्या पोलिसांना मारहाणीच्या आरोपातून मोकळं सोडलं, एकाच्या एका आरोपावर तेवढं एकमत झालं नाही. शहर पेटलं. ६० हून अधिक माणसं मेली, सुमारे १ अब्ज डॉलरचं नुकसान झालं. आणि याच व्हॅलीतल्या व्हॅन नाइसमध्ये, साउंड सिटी नावाच्या जुनाट स्टुडिओत, त्याच वर्षी रेजचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित झाला. पोलिसी गणवेश आणि वर्णद्वेषी संघटना यांचं नातं बोलून दाखवणारं ‘किलिंग इन द नेम’ ही तिथल्या माणसांसाठी घरापासून काही मैलांवरची बातमी होती. सिद्धांत मांडायला कुणी बसलंच नव्हतं.

त्या गाण्याची मूळ धून जुळली ती शिकवणीत. मोरेलो हॉलिवूडमध्ये गिटार शिकवून पोट भरत असे. एका विद्यार्थ्याला तो ‘ड्रॉप डी’ दाखवत होता, म्हणजे सगळ्यात जाड तार नेहमीपेक्षा दोन पट्ट्या सैल करून लावायची पद्धत. दाखवता दाखवता बोटांखाली काहीतरी आलं. त्याने शिकवणी तिथेच थांबवली, ते टेपवर घेतलं, आणि पुढच्या तालमीला घेऊन गेला.

मोरेलोच्या हाताकडे जरा जवळून पाहू या. त्याच्या त्या प्रसिद्ध गिटारवर ‘आर्म द होमलेस’ म्हणजे ‘बेघरांच्या हाती शस्त्र द्या’ असं लिहिलेलं आणि शेजारी पाणघोड्यांची चित्रं काढलेली. ही गिटार त्याने हौसेने बनवून घेतली, पण ती मनासारखी वाजेना. मग एकेक भाग बदलत गेला आणि शेवटी मूळचं लाकडी अंग तेवढं उरलं. इलेक्ट्रिक गिटारवर तारांची थरथर पकडणारे सहसा दोन पिकअप असतात आणि त्यांतला कोणता चालू ठेवायचा हे ठरवायला एक छोटा खटका. मोरेलोने एका पिकअपचा आवाज शून्यावर आणला, दुसऱ्याचा पूर्ण ठेवला. आता खटका इकडे केला की आवाज, तिकडे केला की सन्नाटा. एका हाताने तारा घासायच्या आणि दुसऱ्या हाताने हा खटका तालात फिरवत राहायचा. ऐकणाऱ्याला वाटतं डीजे तबकडी मागेपुढे घासतोय. पायाखाली एक पेडल, ते दाबलं की सूर एका झटक्यात वरच्या सप्तकात चढतो, सायरनसारखा किंचाळतो. यात महागडं यंत्र एकही नाही. पब्लिक एनिमीच्या निर्मात्यांनी नमुन्यांच्या तुकड्यांतून जो गोंगाट रचला होता, तो याने सहा तारांतून काढला. अल्बमवर त्यांनी मुद्दाम छापलं की या ध्वनिमुद्रणात सॅम्पल, कीबोर्ड किंवा सिंथेसायझर वापरलेले नाहीत. ही सूचना गरजेची होती, नाहीतर कुणाचा विश्वास बसला नसता.

मोरेलोच्या करामतीचं कौतुक करताना कॉमरफोर्ड आणि विल्क यांना विसरणं हा या बँडवर होणारा नेहमीचा अन्याय. मेटलवाले वेगाच्या मागे धावत होते त्या काळात ही जोडी थांबून, जागा सोडून वाजवत होती. त्या मोकळ्या जागेतच झॅकचे शब्द बसतात. ‘किलिंग इन द नेम’मध्ये शब्द किती थोडे आहेत पाहा. मोजक्या ओळी, त्याच पुन्हा, दर वेळी अर्धी पायरी वर. शेवटी आज्ञा पाळायला नकार देणारं एकच वाक्य १६ वेळा येतं, कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत. आपल्याकडच्या शाहिरी जलशांची परंपरा ज्यांनी ऐकली आहे त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. चाळीसच्या दशकात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक गिरणी कामगारांसमोर उभं राहायचं, तेव्हाही धृपद पुन्हा पुन्हा येई आणि दर खेपेला झेलणाऱ्यांचा आवाज वाढलेला असे. ओकलंडच्या ब्लॅक पँथरांचं नाव मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथरने घेतलं. त्याच ब्लॅक पँथरांचा वारसा १९ वर्षांनी लॉस एंजेलिसचे हे चौघे सांगत होते. एकाच झऱ्याचं पाणी दोन दिशांनी गेलं, असं म्हणायला हरकत नाही.

कॅसेटच्या जोरावर कंपन्या दाराशी आल्या. बँडने करार केला तो एपिकशी, म्हणजे सोनीशी. हार्डकोरच्या जुन्या मित्रांना हे रुचलं नाही, आणि यंत्राविरुद्ध बोलणाऱ्यांनी यंत्राच्याच पोटात शिरावं का, हा प्रश्न बँडची पाठ कधीच सोडणार नव्हता. मोरेलोचं म्हणणं असं की कलेवरचा पूर्ण ताबा आपल्याकडेच ठेवून करार केला आहे, आणि भांडवलशाहीवर टीका करणाऱ्या नोम चॉम्स्कीची पुस्तकंही मोठ्या साखळी दुकानांत विकली जातातच. माझं मत मोरेलोच्या बाजूचं आहे. क्लबाच्या दाराशी विकलेली कॅसेट ५००० जणांपर्यंत गेली, आणि ते बरेचसे आधीपासूनच त्यांच्या मताचे होते. लिबर्टीव्हिलसारख्या गावातल्या एकट्या पोरापर्यंत ती कधी पोचली नसती. करारामुळे गाणी मवाळ झाली असती तर आक्षेप मान्य केला असता. तशी ती झाली नाहीत.

अल्बम नोव्हेंबर १९९२ मध्ये आला. गार्थ रिचर्डसन सहनिर्माता, १० गाणी. मुखपृष्ठावर माल्कम ब्राउनने ११ जून १९६३ ला सायगॉनच्या रस्त्यात टिपलेलं छायाचित्र होतं: बौद्धांवरच्या दडपशाहीच्या निषेधार्थ स्वतःला पेटवून घेतलेले भिक्खू थिक क्वांग डुक, ज्वाळांत मांडी घालून निश्चल. एवढ्या प्रक्षुब्ध संगीतावर इतका शांत चेहरा लावणं हा मला त्यांचा सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो.

तो काळही लक्षात घ्यायला हवा. मार्च १९९२ मध्ये लॉस एंजेलिसच्याच आइस-टी या रॅपरच्या बॉडी काउंट या मेटल बँडचा अल्बम आला होता. त्यातल्या ‘कॉप किलर’ गाण्यावरून पोलीस संघटनांपासून राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यापर्यंत सगळे तुटून पडले आणि जुलैत ते गाणं अल्बममधून काढावं लागलं. त्याआधी १९८५ मध्ये टिपर गोर आदी राजकारण्यांच्या पत्नींनी पीएमआरसी ही समिती काढली होती. रेकॉर्डवर ‘पालकांसाठी इशारा’ ही पट्टी आली ती त्यांच्या दबावामुळे. पट्टी लागली की मोठ्या साखळी दुकानांतल्या कित्येकांत तो अल्बम ठेवतच नसत. या समितीच्या विरोधात १९८७ मध्ये ‘पेरेंट्स फॉर रॉक अँड रॅप’ ही संघटना काढणारी शिक्षिका म्हणजे मोरेलोची आई मेरी. मुलाचा बँड निघायच्या चार वर्षं आधी आईने लढाई सुरू केलेली होती.

म्हणून १८ जुलै १९९३ चा फिलाडेल्फियातला प्रसंग नुसता खोडसाळपणा समजू नये. फिरता लोलापलूझा महोत्सव तिथे आला होता आणि मुख्य स्टेजवर दिवसाची सुरुवात रेज करणार होते. चौघे आले ते अंगावर चिंधीही न ठेवता. तोंडावर काळी चिकटपट्टी. छातीवर एकेकाच्या एकेक अक्षर: पी, एम, आर, सी. गिटारी अ‍ॅम्प्लिफायरला टेकवून ठेवलेल्या, त्यांतून एकसारखी घूं घूं चालू. सुरुवातीला लोकांनी आरोळ्या ठोकल्या, टाळ्या पिटल्या. पाच मिनिटं गेली. कुणी हलेना. मग कुजबुज, मग हुर्यो, मग वस्तू फेकणं. १५ मिनिटं ते तसेच उभे राहिले आणि एकही सूर न वाजवता निघून गेले. पैसे मोजून आलेल्या श्रोत्यांना त्यांनी गाणं बंद पडल्यावर काय उरतं ते दाखवलं, आणि पुढे त्याच शहरात येऊन फुकट कार्यक्रमही केला.

इंग्लंडमध्ये त्याच वर्षी फेब्रुवारीत बीबीसीच्या रेडिओ १ वर ‘किलिंग इन द नेम’ चुकून जसंच्या तसं, शिव्यांसकट वाजलं आणि १३८ तक्रारी आल्या. १६ वर्षांनी, २००९ च्या नाताळात, त्याच देशातल्या लोकांनी मोहीम उघडून तेच गाणं पहिल्या क्रमांकावर नेलं.

पुढचा इतिहास मोठ्या मैदानांचा आहे. १९९६ मध्ये ‘ईव्हिल एम्पायर’ हा अल्बम अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर आला, २६ जानेवारी २००० ला वॉल स्ट्रीटवर केलेल्या एका गाण्याच्या चित्रीकरणाने शेअर बाजाराची दारं बंद करायला लावली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झॅकने बँड सोडला. दरम्यान त्यांची तऱ्हा उचलून डझनावारी बँड निघाले. टोप्या, रॅप, जड गिटारी, सगळं घेतलं. राग कशाचा आहे हे मात्र बहुतेकांना ठाऊक नव्हतं, आणि म्हणून त्यातलं फारसं काही टिकलं नाही.

ज्यांनी हे संगीत कधी ऐकलं नाही त्यांना एवढंच सांगेन: सुरुवात पहिल्या अल्बमपासून करा, आणि त्यातही ‘नो युअर एनिमी’पासून. आरंभी जो तुटक, कापरा आवाज येतो तो गिटारीचा आहे, आणि तो एका खटक्याने काढलेला आहे. शब्द समोर ठेवून ऐका, आवाज मोठा ठेवा.